कणगीत न डोकावणारी नानी

नानीने कणगीत कधी डोकावून पाहिलं नाही. दळण काढताना तोंड दुसरीकडे करून हात आत घालायची, सूप भरलं की झाकण लावायची. ती माझी चुलती. आईमागं तिनंच मला वाढवलं. मी म्हणायचो, "नानी, बघ तरी किती राहिलंय."

"बघून वाढनार हाय व्हय? देनाऱ्यावर पाळत ठिवू न्हाई."

आमच्या गावी, निमगाव सावाला, रानात बांधालगतच्या बाजरीच्या दोन ओळी पाखरांच्या असत. बाकी पिकावर ती गोफण घेऊन उभी राही. पाखरं त्या ओळींवर उतरली की गोफण खाली.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. पुण्यातला माझा कारखाना बंद पडला आणि बायको, लहान मुलीला घेऊन मी गावी आलो. त्यात दुष्काळ. कणसं बोटाएवढी. कापणी झाली तरी कणगी निम्मीही भरली नाही. दोन ओळी मात्र उभ्याच.

"औंदा तरी काप, नानी."

"औंदा त्यांनी कुठं जायाचं मग?"

ती महाळुंगे पडवळला माहेरी गेली, तेव्हा मी त्या ओळी कापल्या. गोठ्यामागं कणसं बडवली, दाणे कणगीत ओतले. परत आल्यावर नानी बांधावर बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "नेलं आसंल कुनी. आपल्यापरीस नडलेला आसंल." मी मान डोलावली.

त्यानंतर कणगीत बघायचा मला धीर होईना. आता दोघंही न बघता जेवत होतो. माझ्या अंदाजानं ती बाजरी संक्रांतीपर्यंतही पुरली नसती. होळी झाली, जुन्नरच्या पेठेत एका मारवाडी शेठजींच्या दुकानात मला काम लागलं, तरी नानीचं सूप भरून येतच होतं. "बघ, पुरवतुय का न्हाई," ती म्हणायची. मी मनात हिशेब करायचो. दोन ओळींचे दाणे ते किती? आणि चोरीच्या दाण्याला बरकत कशी येईल? मला आजही उलगडलेलं नाही.

पुढं आजारपणात ती जुन्नरला माझ्या खोलीवर होती. एके दुपारी मी सांगून टाकलं, "पाखरांची बाजरी मी कापली व्हती, नानी. चुकलो."

तिनं कूस बदलली. मग म्हणाली, "मला कशापायी सांगतूस? माझी कुठं व्हती ती?"

पंधरवड्यात नानी गेली. दहावा झाल्यावर मी रानात गेलो, बांधावर उभा राहिलो. रान मोकळं होतं. माफी मागावी की आभार मानावेत, आणि कुणाचे, काही कळेना. शेवटी हात जोडून मोठ्यानं म्हणालो, "चुकलो."

रस्त्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्यानं मोटारसायकल थांबवली. "कुनाशी बोलतूस, राव?"

"माहीत नाही," मी म्हणालो. तो गेल्यावर पुन्हा एकदा म्हणालो, या वेळी हळू.