सुमेध भाऊजींचा अर्ज

माझे धाकटे दीर सुमेध सतरा वर्षांपासून तोफखान्यात आहेत. उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. दारूला शिवत नाहीत. लग्नाला बारा वर्षं झाली, पण मृणालजवळ सलग दोन महिने कधी राहिले नाहीत. परवा सुट्टी संपते. जाताना मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज द्यायचा की नाही, हे ठरायचं होतं. आता सुटले तर पेन्शन कमी बसते. अजून सात वर्षं काढली तर चांगली बसते, वर बढतीची आशा.

आज रविवार, म्हणून रिसालीच्या आमच्या घरी नातेवाईक सल्ला द्यायला जमले. आधी बुद्धवंदना झाली. जानराव मामाजी, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, सगळ्यांत पुढं बसले. पाचवं शील, नशा न करण्याचं, त्यांनीच सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.

चहा आला तसे ते सुरू झाले. "कावून सोडून राहिला बे नोकरी? लोक म्हनतीन, घाबरून पळाला."

"म्हनू द्या, मामा."

"अन् खाशीन काय?"

"दुर्गच्या एका शाळेत गार्डची जागा आहे."

"हवालदार आता फाटक उघडन! वा रे वा!"

मग मामाजींनी कप खाली ठेवला, आवाजही खाली आणला. "बरं, मिलिटरी कँटीनचं कार्ड तं राहते ना?"

"राहते."

"बाटल्यायचा कोटा?"

"थोडा कमी होते."

पेन्शनच्या आकड्यानं पडला नव्हता तेवढा मामाजींचा चेहरा आता पडला. सत्यभामा आत्याबाई तर कळवळल्याच, "अरे बापा, डिसेंबरात आमच्या राजदीपचा साखरपुडा आहे. तेवढं होऊ द्याचं होतं!"

आताच हात जोडून उठलेली माणसं ही. मला शिसारी आली. चहाचे कप उचलायलाही हात होईना.

तेवढ्यात भाऊजी माझ्याकडं वळले. "वहिनी, आता तुमीच सांगा."

आठवडाभर मीच गोड बोलून त्यांना परत धाडत होते. ते घरी आले की मृणाल वरच्या मजल्यावर वेगळी चूल मांडणार, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं माझ्या एकटीवर येणार, ही माझी भीती. तोंडानं मात्र, "तुमच्या पोरीच्या शिक्षणासाठी नोकरीत थांबा." मामाजींनी बाटली तरी नाव घेऊन मागितली. मला माझीच जास्त किळस वाटली.

"मले नका विचारू भाऊजी," मी म्हटलं, "माह्या मनातही स्वार्थच आहे. मृणालले विचारा."

सकाळपासून तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांचा झारा घेऊन उभी होती.

"मले काय विचारता?" ती म्हणाली. "दर सुट्टीत चार दिवस मी ह्यायच्या बंद कानाशीच बोलतो. मंग ध्यानात येते, बाजू चुकली. बाजू ध्यानात राहाले लागली का ह्यायची परतीची गाडी येते."

भाऊजींनी खिशातून अर्ज काढला आणि तिथंच टेबलावर सही केली.

मामाजी पोहे न खाताच उठले. "तुमचं तुमी पाहा," म्हणाले. आत्याबाईंनी दोन प्लेटा खाल्ल्या.

उद्या सासूबाईंना आंघोळ मी एकटीनं घालून पाहणार आहे. कंबर किती वेळ साथ देते, ते कळलेलं बरं.