दोरीबाहेरची भाकरी
तव्यावर ज्वारीचं पीठ करपल्याचा वास आला की मला तो दसरा आठवतो. मालक वारले तसं मी दुर्गदबैल बाजारातल्या खानावळीला भाकऱ्या थापून देऊन पोरं वाढवत होते. शेजारणीनं पेपरात वाचलं, मैदानावर बायकांची भाकरीची स्पर्धा हाय, पोराबाळांना घेऊन या. मी पीठ बांधून गेले. नावं लिहून घेणारी बाई म्हणाली, "ब्याड अक्का, नको, तुझा तर धंदाच हाय. ही हौसेच्या बायकांची स्पर्धा." म्हटलं, "बरं," आन् स्पर्धेभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर तीन दगडं मांडून चूल पेटवली. आत भाकऱ्या चिरत होत्या, करपत होत्या. माझी टम्म फुगली की पोरं टाळ्या वाजवायची. पेपरवाला फोटो काढायला आला तशी तीच बाई रिकामं ताट घेऊन माझ्याकडं धावली, "एक फुगलेली दे की गं!" मी म्हटलं, "भाकरी एकटी येत नाही. फोटोत मीबी येणार." आले की! दुसऱ्या दिवशी पेपरात मी मधोमध. खाली 'हौशी महिला' असं छापलंय म्हणे. तो कागद आता पिवळा पडलाय. कुणी हातात घेतला की मी आधीच सांगते, हौशी नव्हे बाबा, धंद्याची.