अप्पांची लंकेतली पंगत

गिरणी बंद केली की माझे सासरे वर घरात येण्याआधी अंगणातल्या नळाखाली अंघोळ करायचे. पाऊस असो, थंडी असो. पिठानं माखलेले कपडे तिथंच बादलीत बुडवायचे, डोकं, भुवया, कानांमागची जागा घासून घासून धुवायचे, जिन्याखाली टांगलेला धुतलेला सदरा चढवायचे आणि मग खालूनच हाक द्यायचे, "पुट्टी, ये गं आता." वरच्या पायरीवर वाट बघत बसलेली माझी मुलगी तेव्हा कुठं धावत खाली सुटायची. त्याआधी तिनं त्यांना शिवायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच घातला होता.

सासऱ्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणत असू. घराणं मूळचं कुरुंदवाडचं, लिंगायत. बोलण्यात कानडी सहज मिसळायचं. पुट्टी म्हणजे कानडीत लहानगी; तिचं खरं नाव शांभवी. कोल्हापुरात शाहूपुरीत खाली गिरणी आणि वर आम्ही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

सहाव्या वर्षापर्यंत पुट्टी वाढतच नव्हती. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे. अप्पांना वाटायचं, खाणं कमी पडतंय. खपली गव्हाची गूळ घातलेली खीर, जिला आमच्याकडे हुग्गी म्हणतात, ते तिला मांडीवर घेऊन भरवायचे. "खा पुट्टी, ताकद येतीया." मग एकदा तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की हिला सिलिअॅक आहे. गहूच हिच्या आतड्याला विष. आयुष्यभर कणभरसुद्धा पोटात जायला नको, पिठाची धूळही नको. अप्पा दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "मीच घातलं की गं तिला. ह्या हातानं." त्यानंतर हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चपाती सोडली. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "गिरणी लोकांची हाय, ताट माझं हाय." मागच्या खोलीत एक लहान चक्की बसवून घेतली, तांदूळ आणि ज्वारीपुरती. त्या खोलीत गव्हाचं पोतं कधी गेलं नाही.

पुट्टी नऊ वर्षांची असताना इचलकरंजीत एका लग्नाला गेलो होतो. पंगत बसली. पुट्टी नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या खुर्चीवर आपला डबा उघडून बसली. नात्यातल्या एक बाई सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "अवघड हाय बाई. हिला कुठं न्यायची, कुणाच्या घरात द्यायची? परगावाला जायचं तरी पंचाईत, परदेश तर लांबच." पुट्टीनं ऐकलं. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि पुढं काही खाल्लं नाही.

अप्पा पंगतीतून उठले. जेवण अर्धं टाकून उठणारा माणूस नव्हे तो. त्या बाईंसमोर जाऊन म्हणाले, "समुद्रापल्याड नेतो हिला. सगळं घर घेऊन जातो आणि एका पंगतीत जेवून येतो. मग सांगतो तुम्हाला."

मला वाटलं, रागाचं बोलणं. पण दुसऱ्याच आठवड्यात ते मला घेऊन सहली नेणाऱ्या एका ऑफिसात गेले. तिथला माणूस म्हणाला, "काळजीच करू नका काका, सगळीकडं प्युअर व्हेज मिळतंय."

"व्हेज न्हवं पावणं. गहू. गहू चालत न्हाय पोरीला."

"मग चपाती खाऊ दे की. चपाती मिळती तिकडं."

अप्पा शांतपणे उठले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "मीना, ह्याला चपाती कशाची करत्यात ते आदी शिकवाय पायजे."

त्यानंतरचं दीड वर्ष आमच्या घरात फक्त तेच चालू होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून फोन मी करायचे आणि अप्पा शेजारी बसून प्रश्न सांगायचे. हिंगात गव्हाचं पीठ मिसळतात, सोया सॉसमध्येही गहू असतो, हे त्यांनी कुठून कुठून शोधून काढलं होतं. थायलंड सॉसपायी बाद झालं. शेवटी श्रीलंका ठरली, कारण तिथं भात आणि नारळ. पण तिथंही दोन कुंपणं: पुट्टीला गहू नको आणि आम्हा सगळ्यांना मासळी नको. नारळाच्या चटणीतसुद्धा तिकडं सुकी मासळी घालतात.

हॉटेलवाले पटापट म्हणायचे, "नो प्रॉब्लेम." अप्पा मान हलवायचे, "ठेव फोन." मग दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहान घरगुती हॉटेलच्या मालकीणबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "आम्ही आप्प्यांत थोडं गव्हाचं पीठ घालतो, मऊपणासाठी. तुमच्या मुलीसाठी नुसत्या तांदळाचे करून बघते. जमले तर कळवते. भांडी मात्र नवी लागतील." मी हे मराठीत सांगितल्यावर अप्पांनी मांडीवर थाप मारली. "हीच बाई! जिला शंका येतीया, तिच्याच घरात जेवायचं. ज्याला काय शंकाच न्हाय, तो एक दिवस पोरीला आजारी पाडंल."

आठवड्यानं त्या बाईंचा निरोप आला: आप्पे जमले.

अप्पांची आई, अव्वा, कुरुंदवाडला अप्पांच्या धाकट्या भावाकडे असायच्या. नव्वदीला टेकलेल्या. त्यांचाही पासपोर्ट काढला, कारण अप्पांचं म्हणणं, "चार पिढ्या बसल्या पायजेत. पंगत म्हंजे पंगत." चौकशीला आलेला पोलीस अव्वांना म्हणाला, "आजी, लंकेला कशाला, रावणाला भेटाय?" अव्वा म्हणाल्या, "रावण शंकराचा भक्त रं बाबा. आमचाच पावणा की त्यो." पुण्याची माझी नणंद सुरेखा, तिचा नवरा, दोन मुलं, सगळ्यांच्या रजा ठरल्या. पुट्टीनं भिंतीवर श्रीलंकेचा नकाशा लावला. ती अप्पांना रोज विचारायची, "अज्जा, तू पाण्यात येणार का?" अप्पा म्हणायचे, "गुडघ्यापतोर."

निघायला आठ दिवस असताना अव्वा न्हाणीत घसरल्या. खुबा मोडला. कोल्हापुरात आणून ऑपरेशन केलं. माझा नवरा संतोष म्हणाला, "अप्पा, पुढं ढकलू या. अव्वा बऱ्या झाल्या की जाऊ."

अप्पा दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे होते. म्हणाले, "न्हाय. एकदा ढकललं की ते ऱ्हातंयच. तुम्ही जावा. अव्वाजवळ मी थांबतो."

मी म्हटलं, "अप्पा, हे सगळं तुमचं आहे. तुमच्याशिवाय कसं जाऊ?"

"मीना, मी न्हाय गेलो तर एक माणूस कमी. पोरगी न्हाय गेली तर त्या बाईचं खरं ठरतंय."

पुट्टी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. निघायच्या सकाळी त्यांनी गाडीत एक पत्र्याचा डबा ठेवला. त्यात लहान चक्कीवरच्या ज्वारीच्या कडक भाकरी होत्या, विमानातल्या वेळेसाठी. मग गाडीच्या खिडकीतून पुट्टीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रुसलीस तरी चालंल, पर पोटभर जेव."

तिथं पोचल्यावर पहिल्या दुपारी मालकीणबाईंनी समुद्रासमोरच्या पडवीत लांब टेबल मांडलं. तांदळाचे वाटीसारखे खोलगट आप्पे, शेवयांसारखी इडिअप्पम, नारळाच्या दुधातली डाळ, केळफुलाची भाजी. पुट्टी सवयीनं टेबलाच्या टोकाला जाऊन बसली आणि मला हळूच म्हणाली, "आई, ह्यातलं मी काय खाऊ?"

"सगळं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मालकीणबाईंकडे. मग उठली आणि भावंडांच्या मधोमध जाऊन बसली. सुरेखाच्या धाकट्यानं आपल्या पानातला आप्पा तोडून तिच्या पानात टाकला. आम्ही सगळे एकदम थबकलो. इतकी वर्षं आम्ही धावत जाऊन अडवायचो ती नेमकी हीच गोष्ट. पुट्टीनं तो तुकडा उचलून तोंडात घातला.

मी अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. ते अव्वांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. "समुद्र दाखवू का?" मी विचारलं.

"आदी पंगत दाखीव."

मी फोन सगळ्यांच्या पानांवरून फिरवला. "सगळ्यांच्यात एकच हाय?" त्यांनी विचारलं.

"एकच, अप्पा."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला. मग म्हणाले, "ठेव आता. गार हुईल."

परत आल्यावर त्यांनी एकेका दिवसाचं जेवण विचारून घेतलं. ते सगळं संपल्यावर जरा लाजत म्हणाले, "पाणी खरंच खारट असतंय?"

मी चमकले. "अप्पा, तुम्ही समुद्र पाहिलेला नाही?"

"कवा बघणार? गिरणीला सुट्टी फक्त सोमवारी, आणि सोमवार अव्वाचा." अडुसष्ट वर्षांचा माणूस. दर सोमवारी कुरुंदवाडला आईकडे गेलेला.

"आवाज कसा असतोय गं?" त्यांनी पुट्टीला विचारलं. ती जरा विचार करून म्हणाली, "अज्जा, लांबून आपली गिरणी ऐकल्यागत." अप्पा खूप हसले. "मग ऐकलाय की मी."

दिवाळीनंतर त्यांना मालवणला न्यायचं आम्ही ठरवलं. अप्पा म्हणाले, "अव्वा जरा चालू दे." अव्वा चालल्या नाहीत, संक्रांतीच्या आसपास गेल्या. मग म्हणाले, "अव्वाचे महिने घालून होऊ देत." मग उन्हाळा आला, लोकांची वर्षाची दळणं आली. "ही गर्दी सरू दे." वैशाखातल्या एका दुपारी गिरणीचा पट्टा काढून ते बाकावर बसले, संतोषला म्हणाले, "छातीत जड वाटतंय रं," आणि दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवून मातीत ठेवतात. कुरुंदवाडच्या शेतात अव्वांशेजारी त्यांना ठेवलं. माती लोटताना पुट्टी माझा हात धरून उभी होती. ती म्हणाली, "आई, बाकीच्यांच्या अस्थी तरी नदीतून समुद्रात जातात ना?"

आता तिला चौदावं लागलंय. उंचीत माझ्या बरोबरीला आली आहे. मला मात्र अजून सोमवार आला की गलबलतं. घाट उतरला की समुद्र. सकाळी लवकर निघालो असतो तर रात्री घरी परत असतो. आम्ही अप्पांना तीनदा विचारलं. हाताला धरून गाडीत मात्र एकदाही बसवलं नाही.