शेखच्या पायाशी वाजलेली शिट्टी

इजिप्तमधल्या तांता शहरात कुणी गेलं, शोकाचा मांडव उभा राहिला आणि कुराण पढायला शेख मुतवल्ली आले, की आवाजाच्या टेबलामागे बसयुनीच बसणार. एकतीस वर्षांचा शिरस्ता होता तो. शेख चारचौघांत सांगायचे, "बसयुनीचे कान आहेत म्हणून माझा गळा आहे." ते ऐकलं की बसयुनीची पाचावर धारण बसायची. कारण त्याचे कान निकामी होत चालले होते.

अगदीच ठार बहिरा नव्हता हो. बोललेलं कळायचं. पण बारीक, टोकदार आवाज वर्षभरात एकेक करून गेले. आधी दारावरची घंटा, मग चहाच्या किटलीची शिट्टी. बायको इन्साफ ओरडायची, "किटली जळून कोळसा झाली! कानात बोळे घातलेत का?" "लक्ष नव्हतं गं," तो म्हणायचा. आवाजवाला बहिरा म्हणजे न्हावी आंधळा. कोण मान पुढे करणार?

म्हणून त्याने आवाज जुळवायचा जुना मिक्सर काढून डिजिटल घेतला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागलाय. त्यांना काय ठाऊक! या नव्या यंत्राला पडदा होता. कुठला आवाज मांडवातल्या कर्ण्यांकडे निघालाय, कुठला शेखच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरकडे, म्हणजे त्यांचा आवाज त्यांनाच ऐकवणाऱ्या छोट्या कर्ण्याकडे, कुठला आपल्या हेडफोनमध्ये, सगळं रंगीत पट्ट्यांत दिसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

शेखचं मात्र एकच पालुपद. "माझ्याकडे अजून सोड रे." दरवर्षी अजून. म्हातारा स्वतःच्याच आवाजावर भाळलाय, असं मनात म्हणत बसयुनी मॉनिटर वर चढवायचा.

त्या संध्याकाळी कापसाच्या एका बड्या व्यापाऱ्याचा मांडव होता. घाईत बसयुनीने मिक्सरात साठवलेली पट्ट्यांची मांडणी उघडली आणि शेखकडे मान हलवली. शेखनी सूर लावला, श्वास ताणत ताणत नेला आणि सोडला. "अल्लाह!" माणसं उद्गारली. दुसऱ्या श्वासाला मात्र पुढच्या रांगेतल्या एकाने तोंड वाकडं करून कानात बोट घातलं. मग शेजाऱ्याने. मग अख्ख्या रांगेने.

बसयुनीला कळलं. शिट्टी! त्याला ती जराही ऐकू येत नव्हती. पडद्यावर मॉनिटरच्या पट्टीत एक सुळका उभा होता. आता त्याला दिसलं, ही तर गुरुवारच्या लग्नाची मांडणी! तिच्यात गायकासाठी प्रतिध्वनीही मॉनिटरकडे सोडलेला, आणि इथे मॉनिटर शेखच्या माइकला खेटून, म्हणून त्याचा आवाज फिरून फिरून माइकातच शिरत होता. घाईघाईने त्याने पट्टी खाली ओढली. ओढली ती नेमकी शेखच्या माइकची. मांडव गप्प झाला. शेखचे ओठ हलत राहिले आणि शंभर माना बसयुनीकडे वळल्या. "या अल्लाह, लाज राख," असं पुटपुटत त्याने मॉनिटरची पट्टी खाली घेतली आणि माइकची वर.

मधल्या वेळात बिनसाखरेची कॉफी फिरली आणि शेखचं बोलावणं आलं. संपलं सगळं, बसयुनीला वाटलं.

"मघाशी काय झालं रे?" शेखनी हळूच विचारलं.

"शिट्टी, मौलाना. चूक माझी."

"शिट्टी होती?" शेखनी डोळे मिटले. "अल्हमदुलिल्लाह! मला वाटलं, माझाच गळा फाटला."

"मौलाना, तुमच्या पायाशी वाजत होती ती. तुम्हाला..."

शेखच्या हातातला पेला बशीवर खडखडला. "कुणाला बोलू नकोस. डावा कान चार वर्षांपूर्वी गेला, उजवाही निघालाय. म्हणून तर म्हणतो, माझ्याकडे सोड. आता सगळा भरवसा तुझ्या कानांवर, बाबा."

आता गप्प बसलं असतं तर निभावलं असतं. पण त्या खडखडणाऱ्या पेल्याकडे बघून बसयुनीला राहवलं नाही. "मौलाना, मलाही नाही ऐकू आली."

शेखनी पेला खाली ठेवला. मग दारावरच्या माणसाने खूण केली. "चला," शेख म्हणाले. "माणसं बसलीत. मी त्यांच्याकडे बघतो, तू पडद्याकडे बघ. काही वाटलं तर पगडीला हात लावीन."

दुसरी बैठक सुरू झाली. तिसऱ्या श्वासाला शेखचा हात पगडीकडे गेला. पडद्यावर काहीच नव्हतं. खूण होती, की घाम पुसला? बसयुनीने मॉनिटर थोडा उतरवला. लगेच शेखचे डोळे भेदरले आणि मांडीवरचा तळवा वर वर होऊ लागला. अजून सोड. बसयुनीने पट्टी परत चढवली, बोट तिच्यावरच ठेवलं आणि पुढच्या रांगेतल्या माणसांच्या हातांकडे बघत राहिला.