अप्पांनी न बघता घेतलेली अंगठी

आमच्या गल्लीत दिवसभर घरी सापडणारी बाई म्हणजे मी एकटीच. त्यामुळं अख्खं लातूर फिरून दमलेला डिलिव्हरीवाला शेवटी माझ्याच दारात येऊन उभा राहतो. "मावशी, समोर कुलूप हाय, ठिवता का?" ठेवते की! माझ्या दिवाणाखाली कुणाच्या चपला, कुणाची मिक्सरची भांडी, कुणाच्या सुनेचे ड्रेस पडलेले असतात. आता खोकं ठेवून घेतलं की आत काय आहे ते विचारणं आलंच, आणि विचारलं की किस्सा आला. संध्याकाळी ज्याचं त्याचं खोकं जो तो घेऊन जातो. किस्से मात्र माझ्याकडंच राहतात. आमचे हे म्हणतात, तू पोस्टमास्तर व्हायला पाहिजे होतीस. आठवी शिकलेल्या बाईला कोण करतंय पोस्टमास्तर!

*

माझ्या भिंतीला भिंत लागून ज्योती सिस्टर राहतात. सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. त्यांनी मोबाईलवर फोटो बघून पडदे मागवले. फोटोत पडदे कसे जमिनीवर लोळत होते! आले ते खिडकीच्या निम्म्यावर लटकले. सिस्टरांनी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पेशंटच्या गाऊनसारखे झालेत. झाकायचं तेवढंच उघडं."

तेव्हापासून गल्लीचं ठरलं, की न बघता काही घ्यायचं नाही. आणि या मताचे पुढारी म्हणजे समोरच्या घरातले मन्मथअप्पा.

*

अप्पांचा जन्म देवणीच्या बाजारात बैलांची दलाली करण्यात गेला. गुडघे गेले तसे इथं येऊन राहिले, पण बाजार काही अंगातून गेला नाही. भाजीवाली आली की भेंडीची शेंडी मोडून बघणार, वांगं कानाशी नेऊन दाबणार, टरबुजाला तर दाताचा डॉक्टर तोंड बघतो तसं चारी बाजूंनी बघणार. भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "अप्पा, एक पाव भेंडी घ्यायलाव का बैल?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "बैल असता तर चालवून बघितला असता."

त्यांच्या घरच्या गंगाकाकू ओट्यावर बसून हे ऐकत होत्या. त्या कमी बोलतात, पण बोलल्या की टाका घालतात. मला म्हणाल्या, "भेंडीचं नशीब बग मंगल. मला आणताना ह्यांनी तोंडसुद्दा बगितलं नव्हतं. सासऱ्यानं ठरिवलं, हे बाशिंग बांधून आले."

अप्पांनी हातातली भेंडी मोडली आणि म्हणाले, "एकच सौदा न बघता केला. अजून कुरकुर ऐकायलाव."

*

तर असे हे अप्पा एका दुपारी काकू झोपलेल्या बघून माझ्याकडं आले. पाणी प्याले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मंगल, तुझा पत्ता पाहिजे."

मी म्हटलं, समोर तर राहता!

मग हळूहळू बाहेर आलं. नांदेडला दिलेली त्यांची लेक वैशाली, तिच्या मोबाईलवरून अप्पा काकूंसाठी अंगठी मागवत होते. हिऱ्याची. तीही पिवळ्या हिऱ्याची! दुकानात न जाता, हातात न घेता. काकूंना कळू नये म्हणून खोकं माझ्या घरी यायचं होतं.

अंगठीचं दुखणं मला माहीत होतं. काकूंच्या बोटांना संधिवात. बोटं सुजून लग्नातली अंगठी अशी रुतली, की शेवटी सोनाराकडं जाऊन कापून काढावी लागली. कापताना काकू रडल्या नाहीत. पण तेव्हापासून कुणाच्या लग्नाकार्यात गेल्या की उजवा हात पदराखाली. कुणी विचारलं की म्हणायच्या, थंडी वाजायलीय. मे महिन्यात!

मी अप्पांना म्हटलं, अहो, इथल्या सोनाराकडून घ्या की, बघून, घासून.

"सोनाराकडं गेलो की तिला आधी कळंल. कळलं की ती न्हाईच म्हणंल. एकदा हातात पडली तर पडली."

आणि माप? तर अप्पांनी माझ्याकडून दोरा मागून घेतला, स्वतःच्याच करंगळीला गुंडाळला, कमी-जास्त केला, डोळे मिटून थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "हाव. एवढंच." तो दोरा नांदेडला गेला. मला जरा नवल वाटलं, पण हयातभर पारख केलेल्या माणसाला मी काय सांगणार?

*

खोकं आलं. डिलिव्हरीवाला म्हणाला, ओटीपी सांगा. ओटीपी आला होता अप्पांच्या फोनवर. मी खूण करून अप्पांना बोलावलं. ते आले, फोन बघितला आणि खिशात घातला.

"सांगा की काका."

"बँकवाल्यानं सांगितलंय, कुणालाच सांगायचा न्हाई."

तो पोरगेला माणूस परोपरीनं समजावत होता, की मला नाही सांगितलं तर खोकं परत जाईल. अप्पा पेचात. समोर ओट्यावर काकू शेंगा निवडत बसलेल्या, त्यामुळं मोठ्यानं बोलायचीही सोय नाही. शेवटी अप्पांनी खांद्यावरची दस्ती काढली, त्या डिलिव्हरीवाल्याचा हात धरला, वर दस्ती टाकली आणि आतून त्याची बोटं दाबायला लागले.

बैलांच्या बाजारात असाच भाव होतो. दोघं दलाल कपड्याखाली हात घालतात, बोटं धरून आकडा सांगतात, आणि शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. पण हे त्या बिचाऱ्याला कुठं माहीत! तो कसाबसा हसू दाबत म्हणाला, "काका, गुदगुल्या व्हायल्यात."

मग मीच अप्पांच्या खिशातून फोन काढून दाखवला. तो गेल्यावर अप्पा नाराजीनं म्हणाले, "आजकालच्या पोरांना बोटं कळत न्हाईत."

मी विचारलं, काकूंना तरी कळतात का?

अप्पा पहिल्यांदाच लाजल्यासारखे झाले. नवीन लग्न झालेलं, घरात सासू-सासरे, जावा, दीर. नवरा-बायकोनं उघड बोलायची पद्धत नव्हती. काकू पाण्याचा तांब्या द्यायला आल्या की अप्पा दस्तीआडून त्यांची बोटं दाबायचे. तीन दाबली म्हणजे तीन पाहुणे जेवायला. "भाकरीचा आकडा कदीच चुकला न्हाई तिचा," अप्पा म्हणाले.

*

अंगठी काकूंच्या हातात दिली त्या वेळी मी होतेच. (नसले असते तर मला झोप लागली असती का?) काकूंनी ती आधी नवी वस्तू म्हणून देवापुढं ठेवली, हळदीकुंकू वाहिलं, मग मला म्हणाल्या, जरा पुसून आण.

मी पुसली. कुंकू निघालं, हळद निघेना. पाण्याखाली धरली. तरी खडा पिवळाच. मग आमच्या ह्यांचा जुना ब्रश घेतला आणि लागले घासायला! ज्योती सिस्टर ड्युटीवरून येत होत्या, त्यांनी बघितलं आणि किंचाळल्या, "अहो, तो मुळातच पिवळा आहे!"

मग गल्लीत चर्चा. हिरा कुठं पिवळा असतो का? कुणी म्हणालं, पुष्कराज असेल, काकूंचा गुरू बिघडलाय का? कुणी म्हणालं, जुना माल असेल, ठेवून ठेवून पिवळा पडला, आमचा फ्रिज नाही का पडला? सिस्टरांनी खडा उजेडात धरून तपासला. "कावीळ म्हणावी तर तब्येत चांगली दिसतेय," असा रिपोर्ट दिला.

हसण्याखिदळण्यात काकूंनी अंगठी बोटात घालायला घेतली. पहिल्या पेरापाशी अडली. दुसऱ्या बोटाला लावून बघितली, तिथंही तेच. शेवटी करंगळीत गेली, तीही अर्धी.



काकूंनी अंगठी काढून डबीत ठेवली आणि म्हणाल्या, "वैशालीला फोन लावा. परत घेतेत म्हणं. माझ्या हाताला आता शोभा न्हाई." हात पदराखाली गेला. अप्पा उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. भाजीवाली आली, ओरडली, पुढं गेली. अप्पांनी भेंडीकडं बघितलंसुद्धा नाही.

*

आता अशा वेळी शहाण्या माणसानं घरी जावं. मी अप्पांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, अप्पा, बैलाचं वय दातावरून सांगता, आणि बायकोच्या बोटाचं माप चुकलं? रोज तर बघता.

अप्पा रस्त्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आता सुजलंय ते मला कळत न्हाई व्हय? पण दोरा गुंडाळताना त्योच हात आठवला. लग्नात पहिल्यांदा तिचा हात हातात दिला ना, तवा तोंडावर मुंडावळ्या. तोंड न्हाई दिसलं. हातच दिसला. हळदीनं पिवळाधम्मक. बोट एवढंच होतं."

मी उठले ती थेट काकूंच्या स्वयंपाकघरात. एक शब्द इकडचा तिकडं न करता सगळं सांगितलं. लोक मला लावालावी करणारी म्हणतात. म्हणू देत!

काकू कणीक मळत होत्या. मळत राहिल्या. कणीक कधीच मऊ झाली होती, तरी मळत राहिल्या. मग हात धुतले, कपाट उघडलं आणि कपड्यांच्या घडीखालून एक पुरचुंडी काढली. आत कापलेली जुनी अंगठी होती, दोन तुकडे.

"सोनाराला म्हणावं, हे त्यात घाल आन् मोठी कर. जमतंय का इचार."

जमलं. सोनार म्हणाला, जोड दिसणार नाही. काकू म्हणाल्या, दिसला तरी चालंल.

*

अंगठी तयार होऊन आली त्या दिवशी वैशाली नांदेडहून आली होती. ज्योती सिस्टर होत्या, मी होते. काकूंनी अंगठी घातली. या वेळी सांध्यापाशी जरा थांबली आणि मग सरळ खाली गेली. काकूंनी हात लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. पदर खांद्यावरच होता.

सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो विचारायची हिंमत गल्लीत माझ्या एकटीतच आहे. मी विचारलं, "अप्पा, केवढ्याला पडली?"

वैशाली म्हणाली, मला विचारू नका, बाबांनी शपथ घातलीय.

काकूंनी मान वर केली. "मलाबी सांगितलं न्हाई. आज सांगा. लई महाग असंल तर मी काढून ठिवणार."

अप्पा म्हणाले, "चारचौघांत भाव सांगत नसतेत."

आणि त्यांनी खांद्यावरची दस्ती काढली, खुर्ची पुढं ओढली, काकूंचा हात हातात घेतला आणि वर दस्ती टाकली.

"हळू," काकू म्हणाल्या. "बोटं दुखतेत."

आम्ही सगळ्या काकूंच्या तोंडाकडं बघत बसलो. आता डोळे मोठे होतील, आता ओरडतील, आता अंगठी काढतील. काकूंचं तोंड काही केल्या कळेना. वैशालीनं चहा आणला. माझा पिऊन झाला, सिस्टरांचा झाला. त्या दोघांच्या कपांवर साय आली. दस्ती होती तिथंच.

शेवटी मला राहवेना. म्हटलं, "काकू, कळला का न्हाई भाव?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं नाही.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "सौदा चालू हाय अजून."