अण्णाकाका थिएटरात उभे राहिले तेव्हा

माझ्या काकांनी भर थिएटरात एका मोठ्या नेत्याला झापलं होतं.

पडद्यावरच्या हो! कोणता नेता, कोणता सिनेमा ते विचारू नका. कमेंटमध्ये महाभारत नकोय मला. आज तर नकोच.

आज अण्णाकाकांचं वर्षश्राद्ध झालं.

गंगेकाठी बालाजी घाटाजवळ राहायचे. पन्नास वर्षं लोकांच्या पितरांना पाणी देणारे भटजी. स्वतःला मूलबाळ नाही. पुतण्या एकच, मी. बँकेत नोकरी, संध्या कधीच विसरलेली.

काका त्या नेत्याचे कट्टर विरोधी. आणि त्यांचे जिगरी दोस्त तिवारीजी तितकेच कट्टर फॅन. तीस वर्षं रोज सकाळी तोच चहाचा कट्टा, तोच पेपर, तेच भांडण.

सिनेमा लागला तशी तिवारीजींनी तिघांची तिकिटं काढली. "चला अण्णा, आज तोहार आँख खुली!"

काय पेटलं होतं थिएटर, राव!

हीरोची एन्ट्री, की शिट्ट्याच शिट्ट्या. पुढची पोरं खुर्च्यांवर चढून नाचतायत. मागून कोणी ओरडलं, "सब झूठ हौ!" त्याच्यावर दहा जण तुटून पडले. शेजारची बाई डोळे पुसतेय, तिचा नवरा ढाराढूर झोपलाय. मी पण एक शिट्टी ठोकली. काकांनी मांडीला असा चिमटा काढला!

मग तो सीन आला.

नेत्याची आई गेलीये. गंगेचा घाट. हॉलमध्ये नुसती मुसमुस. हीरो ओंजळीत पाणी घेतो...

आणि काका ताडकन उभे.

"अपसव्य! अरे, अपसव्य कर! जानवं उजव्या खांद्यावर घे, आईला पाणी देतोयस ना!"

अख्खा हॉल हशाने फुटला. विरोधातल्यांनी तर टाळ्या पिटल्या. सगळ्यांना वाटलं, म्हातारा टिंगल करतोय.

तिवारीजींनाही तेच वाटलं. लालबुंद झाले. "आजो राजनीती, अण्णा? ओकरे माई पर?" उठले आणि सरळ निघून गेले.

रिक्षात काका म्हणाले,

"राजनीती कसली रे? मत मी त्याला जन्मात देणार नाही. पण आई ती आईच ना? तिचं पाणी तिला पोचायला नको?"

"मग सांगा ना तिवारीजींना."

"ऐकेल तर सांगीन."

ते ऐकायला आलेच नाहीत. कट्टाच बदलला त्यांनी.

काका रोज पेपरातून त्या नेत्याच्या दोन-तीन बातम्या कापून ठेवायचे. "तिवारी आला की लागतील भांडायला." चार महिन्यांत चांगला जाडजूड गठ्ठा झाला.

तिवारी आले नाहीत. एका सकाळी काकाच गेले.

मणिकर्णिकेवर मी. अंगावर ओलं धोतर, डोकं सुन्न. भटजी पलीकडे काहीतरी काढत होते. मी आपली ओंजळ भरली.

"अपसव्य!"

काकांचाच शब्द!

मागे तिवारीजी. धाय मोकलून रडत होते.

"अपसव्य, बेटा! दाहिने कंधे पर ले! अण्णा को पानी कैसे पहुँचेगा?"

आणि पुढे होऊन त्यांनी स्वतःच्या हातांनी माझं जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. मग तिथेच पायरीवर मटकन बसले. "हम समझे नहीं थे, अण्णा. हम समझे नहीं."

तेराव्याला मी तो गठ्ठा त्यांच्या हातात दिला.

तेव्हापासून जुन्या कट्ट्यावर परत येतात. रोज एक कात्रण काढायचं आणि माझ्याशी भांडायचं. मी त्या नेत्याचा फॅन, तरी बाजू काकांची मांडायची! आज श्राद्ध आटोपून दोघं कट्ट्यावर गेलो, तर त्यांच्या हातात शेवटचं कात्रण. घडी उघडेचनात.

म्हणाले, "ई कल." हे उद्याला.

अण्णाकाका, पाणी नीट दिलंय. उजव्या खांद्यावरूनच. तिवारीजी शेजारी बसून बघत होते.

नमस्कार करतो.