आईचा डावा डोळा

शेंदूरजनाघाटच्या बसस्टँडवर आईने माझ्या डोळ्यांत काजळ घातलं, तेव्हा अमरावतीची बस सुरू झालेली होती. घरून निघायच्या गडबडीत ते राहून गेलं म्हणून ती डबी पदराला बांधून घेऊन आली होती. दादा सीटखाली संत्र्यांची पिशवी सरकवत होता. आईने खालची पापणी अंगठ्याने ओढली, काजळाचं बोट आतल्या कडेवरून फिरवलं आणि म्हणाली, "आता रडू नोको. काजय पसरते." बाबा आले नव्हते. संत्र्यांच्या बगीच्यात पाणी सुरू होतं. सकाळीच त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "शिकली तं आता थांबू नोको."

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आईबाबांनी मला कधी अडवलं नाही, हे उपकार मी विसरत नाही. तरीही अमरावतीला उतरून पुण्याची गाडी धरेपर्यंत मी रडले, आणि काजळ पसरलंच.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना शहरातला पहिला फजितीचा दिवस आठवत असेल. माझा तो दिवस आयलायनरचा होता. कंपनीत मला रिसेप्शनवर बसायचं होतं आणि माझी रूममेट केतकी हिच्यासारखे डोळे मला हवे होते. तिची लायनरची बाटली उघडली, आईची पद्धत वापरली, म्हणजे पापणी खाली ओढली आणि ब्रश सरळ आत फिरवला. अशी आग झाली की विचारू नका. केतकी धावत आली. "अगं, आत नाही, वर! हे काय काजळ आहे का?" हसून झाल्यावर तिने शिकवलं. कोपर टेबलावर टेकवायचं. आरसा हनुवटीखाली धरून नजर खाली ठेवायची. एका दमात रेघ ओढायला जायचं नाही; पापणीच्या केसांच्या मुळाशी छोटे छोटे तुकडे काढून मग जोडायचे. रेघेच्या टोकाला काढायच्या शेपटीची दिशा खालच्या पापणीच्या कडेवरून घ्यायची. चुकलं तर कापसाच्या काडीने पुसायचं, रेघ जाड करत बसायचं नाही. कित्येक दिवस माझा एक डोळा झोपलेला आणि एक दचकलेला दिसायचा. पण हात बसला. सकाळच्या घाईतही रेघ नीट यायला लागली, तेव्हा पुण्यात आपलं निभेल असं मला पहिल्यांदा वाटलं.

त्याच सुमारास दादाचं लग्न झालं आणि अकोल्याहून पल्लवीवहिनी आमच्या घरी आली. बी.कॉम. झालेली, पार्लरचा कोर्स केलेली. मग फोनवर आईच्या बोलण्यात तीच असायची. "पल्लवीनं केसाले मेंदी लावून देल्ली." "पल्लवी म्हणे, हे लुगडं तुमाले शोभते." मी "हो का, छान" म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर मला चहा गोड लागायचा नाही. माझ्या खिडकीपाशी आता तिचा आरसा होता. आईच्या भुवया कोरलेल्या आहेत, हे मला व्हिडिओ कॉलवर कळलं. मी घरात होते तोवर आईने मला कधी तिच्या भुवईला हात लावू दिला नव्हता.

गेल्या लग्नसराईत अचलपूरला मावशीकडे, तिच्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, सगळे जमलो. आईसाठी मी पुण्याहून लायनरचं पेन नेलं होतं. तिचे डोळे या हाताने करायचे, हे मी महिनाभर मनात धरलं होतं. खोलीत गेले तर आई वहिनीसमोर मान वर करून बसलेली.

"आई, मी करते ना."

"राहू दे वं, तू पाव्हणी. पल्लवी करून राहिली न."

पाव्हणी! मी पेन हातात धरून तशीच उभी राहिले. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि सरळ बोलली, "ताई, तुमी येनार म्हटलं का आईंले आठ दिवस दुसरं कोनी दिसत नाई. आज माह्यावर कावून रुसता?"

आई हसायला लागली. "भांडू नोका. उजवा हिनं केला. डावा तू कर."

मी पेनाचं टोपण काढलं. स्वतःची पापणी ताणून धरते, तशीच मी आईची ताणली आणि झकास रेघ ओढली. पापणी सोडली, तर तिच्या सुरकुत्यांबरोबर रेघही चुरगळली. आई डोळा उघडून सरळ पाहायला लागली तशी अर्धी रेघ घडीत गेली. वहिनीने मात्र कातडी ओढलीच नव्हती. आईला समोर पाहायला लावून, रेघ कुठे दिसेल तिथे तिने आधी ठिपके दिले होते. "पुसू का?" तिने विचारलं. मी हो म्हणणार, तेवढ्यात आई उठली. "कायले? चाला, पाव्हणे आले."

मांडवात मावशीने तिला उजेडात उभं केलं. "काहो अक्का, एक डोया अकोल्याचा अन् एक पुन्याचा केला का?" बायका खो खो हसल्या. मी कान टवकारले. आईने माझ्या बाजूने बोलावं, डावा लेकीने केला म्हणून सांगावं, एवढंच मला हवं होतं.

"दोनी माह्येच हायेत," आई म्हणाली आणि पानसुपारीचं ताट घेऊन पुढे गेली.

गावात मागे राहिलेल्यांनो, खरं सांगते, त्या उत्तराने माझं समाधान झालं नाही. आजही नाही. पुण्यात माझ्यापेक्षा कितीतरी जणींचे हात सफाईचे आहेत, घरं मोठी आहेत, पगार जास्त आहेत. त्यांचं पाहते आणि विसरते. हेवा वाटतो तो एकाच बाईचा, जी रोज माझ्या आईच्या इतक्या जवळ बसते की तिला पापणीवरच्या सुरकुत्या पाठ झाल्या आहेत. घर म्हणजे आता माझ्यासाठी तेवढीच जागा आहे, जिथलं दुसऱ्याला मिळालेलं मला अजून सोसत नाही. ज्या दिवशी ते सोसेल, त्या दिवशी मी खरंच गाव सोडलेलं असेल.